बारा लाख घास

जानेवारीत तुर्कूला दिवस उगवतो म्हणजे
कुणीतरी कंदिलाची वात जरा वर करतं
आणि लगेच खाली.
तेवढ्यात मी कुलूप काढते, बर्फाचे बूट बदलते,
कॉफी लावते,
आणि यंत्राला विचारते, जेवण कुठवर आलं?

आठ लाख एकोणीस हजार, आकडा सांगतो.

आठ खोबण्या, आठ दाढा.
दर घासाला पाच किलोंचा दाब, सेकंदाला दीड घास,
पाणी कधी पाच अंशांचं, कधी पंचावन्न.
ना चव, ना पोट, नुसतं चावणं.
नऊ दिवस, नऊ रात्री असं चाललं
की एका माणसाचं पाच वर्षांचं खाणं संपतं.

दाढा खऱ्या. कुणाच्या, ते विचारायचं नसतं.
बरणीतून येतात तेव्हा नावं पुसलेली असतात,
राहतं ते एवढंच:
तिसरीच्या कंगोऱ्यावर तंबाखू,
पाचवीचा माथा सपाट, ही झोपेत दात खाणाऱ्याची,
आणि सातवी, अक्कलदाढ, इतकी कोरी
की तिला अक्कल वापरायची वेळच आली नसावी.
तिच्यात मी भरलंय नवं मिश्रण,
थरावर थर,
प्रत्येक थराला निळा दिवा, वीस सेकंद.
बावीस वर्षं झाली,
अजून ओठांतल्या ओठांत मोजते.

पलीकडच्या खोलीत इंकेरी पेशी पाळते.
पाळते, हाच शब्द. शनिवारीही येते त्यांना भरवायला.
काल तिनं हाक मारली: आउलिक्की, बघ.
वीस सेकंद उजेड खाल्लेली चकती,
तिच्या कडेपर्यंत पेशी आलेल्या,
खडकाला गवत भिडतं तशा.
दुसरी चकती, दहाच सेकंदांची.
तिच्याभोवती ओसाड कडं.
पेशी अंग चोरून गोल झालेल्या,
काही सुटून तरंगणाऱ्या.
अर्धं कच्चं राहिलेलं काहीतरी
हळूहळू झिरपत होतं पाण्यात.
इंकेरी काही बोलली नाही. मीही नाही.
भिंगाची काच तेवढी पुसली, उगाच.

सालोवारासाहेब म्हणाले,
दहाची चकती अहवालात कशाला?
सूचनापत्रात स्वच्छ लिहिलंय, वीस.

साहेब, सूचनापत्र वाचतो तो हात
आणि दिवा धरतो तो हात
एकच असतो का?
खुर्चीत सहा वर्षांचं पोर चुळबुळतंय,
बाहेर चारजण थांबलेत,
दिव्याचं टोक दाढेपासून बोटभर लांब सरकलंय,
आणि कुणीतरी मनात म्हणतं, झालं असेल.
हे सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या.
इथे, या खोलीत, ही म्हण
मला मोठ्यानं म्हणवत नाही.

अकरा लाख चार हजारांवर
सातवी चिरली.
आवाज आला नाही. यंत्र चावतच राहिलं,
बाकीच्या सात जणींना कसली खबर?
मी तिला काढलं, निळ्या शाईत बुडवलं, मधोमध कापलं.
शाई आत शिरली होती,
भरलेलं आणि मूळचं यांच्या मधल्या फटीतून
केसाएवढी,
थेट मज्जेच्या दिशेनं.

वहीत लिहिलं: क्रमांक सात. भेग. कडेला.
खाली इंकेरीची दुसरी चकती, तारखेसकट.
सही करताना पेन गारठलं होतं, दोनदा फुंकर घातली.

डब्यात राईची भाकरी. मी उजवीकडून चावते.
डावीकडे, खाली, मागून दुसरी,
ती अठ्ठ्याण्णव सालची आहे,
याच खोलीत तपासून पास झालेल्या मालाची.
तेव्हा दहा सेकंदांची चकती
कुणी ठेवली होती की नाही, वह्यांत सापडत नाही.
दुखत नाही ती. कधीच दुखली नाही.
फक्त जीभ
दिवसातून चार-पाचदा तिथे जाऊन येते,
काठाकाठानं चाचपते,
आणि काही न सांगता परत येते.

अकरा लाख एकतीस हजार.